फळं नकोत, फेऱ्यांचा खर्च द्या

वाचक विचारतात : मानसिक आरोग्यसेवेसाठी देणगी

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला स्किझोफ्रेनिया होता. तिच्या वर्षश्राद्धानिमित्त जवळच्या एका संस्थेला ६०,००० रुपयांच्या वस्तू द्यायच्या आहेत. संस्था खेड्यांत शिबिरं घेते, निवासी केंद्र नाही. ब्लँकेटं द्यावीत की शिबिरात जेवण आणि फळं? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : दोन्ही नकोत. निवासी केंद्रच नाही, तर ब्लँकेटांचं संस्था करणार काय? पैसे द्या, आणि तेही एकरकमी देण्यापेक्षा महिना ५,००० रुपये असे वर्षभर.

गावोगावच्या कामात खर्च होतो तो माणसांवर आणि प्रवासावर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून नेहमीची औषधं सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. घोडं अडतं ते त्यापुढे. थोडं बरं वाटलं की गोळ्या बंद होतात. किंवा रुग्णाला जिल्ह्याच्या गावी न्यायला सोबत लागते, म्हणजे दोघांचं एसटीभाडं गेलं आणि एकाची मजुरीही बुडाली. दोन खेपा चुकल्या की तिसरी होतच नाही, आणि आजार उलटतो. हे थांबवतो तो घरी येऊन उरलेल्या गोळ्या मोजणारा, घरच्यांचं ऐकून घेणारा कार्यकर्ता. त्याच्या मानधनाला आणि पेट्रोलला देणगीदार सहसा मिळत नाही. पंख्यावर नाव घालता येतं, पेट्रोलवर कसं घालणार?

दुसरी दुर्लक्षित बाब रक्ततपासण्यांची. लिथियम (मनःस्थितीच्या टोकाच्या चढउतारांवरचं औषध) चालू असेल तर रक्तातली त्याची पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडं ठरावीक काळाने तपासावी लागतात. क्लोझापिन (इतर औषधांनी गुण न आलेल्या स्किझोफ्रेनियावरचं औषध) सुरू केलं की पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी मोजायच्या. तपासणीची सोय नसेल, तर औषध हाताशी असूनही डॉक्टर ते सुरू करायला धजावत नाहीत.

म्हणून देणगीसोबत दोन ओळींचं पत्र द्या : ‘ही रक्कम घरभेटी, रुग्ण व शुभंकर (रुग्णाची काळजी घेणारे घरचे) यांचा प्रवास आणि रक्ततपासण्या यांसाठी वापरावी, शिल्लक राहिल्यास चालू खर्चासाठी.’ शेवटचा तुकडा गाळू नका, नाहीतर उरलेले पैसे अडकून पडतात. ‘कायम निधीसाठी’ असं तर मुळीच लिहू नका. मग मुद्दल गुंतवून ठेवावं लागतं आणि हाती येतं फक्त व्याज : सात टक्के धरले तरी वर्षाला ४,२०० रुपये.

देण्याआधी धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. एक प्रश्नही विचारा : नाव नोंदवलेल्यांपैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण फिरकलेच नाहीत? शिबिरांचा आकडा कोणीही सांगतं. न फिरकलेल्यांचा आकडा जिच्याकडे आहे, ती संस्था खरोखर पाठपुरावा करते. (निवासी केंद्र असतं, तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखालची नोंदणीही पाहायला सांगितलं असतं.)

आणि देणगी देतानाचे फोटो? रुग्णांसोबत काढू नका. मानसिक आरोग्य आस्थापनेत (म्हणजे अशा रुग्णालयात किंवा केंद्रात) उपचार घेणाऱ्या रुग्णाचं छायाचित्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायला या कायद्याची मनाई आहे. शिबिराला ती लागू होते का, या वादात शिरूच नये. गावात फोटो फिरला, की पुढच्या शिबिराला तो माणूस येत नाही.

प्रश्न : घरात उरलेल्या मानसोपचाराच्या गोळ्या संस्थेला चालतील का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. गोळ्या कशा ठेवल्या होत्या, हे कोणाला ठाऊक? कापलेल्या पट्टीवर तर मुदतीची तारीखही राहत नाही.

प्रश्न : ६०,००० दिले तर तेवढा कर वाचेल ना? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही, हा घोटाळा नेहमीचा. ‘८० जी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आयकर सवलतीत अशा संस्थांच्या देणगीपैकी साधारणपणे ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. म्हणजे ३०,००० रुपये. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकर धरून ६,२४० रुपये वाचतात. तेही जुनी करप्रणाली निवडली तरच. एकूण उत्पन्नाच्या साधारण १० टक्क्यांपर्यंतच्याच देणग्या हिशेबात धरल्या जातात. २,००० रुपयांवरची रोख देणगी आणि वस्तुरूप देणगी यांना सवलत नाही. पैसे पाठवले त्याच दिवशी पॅन कळवा आणि ज्याला सवलत घ्यायची, त्याच्याच खात्यातून पाठवा. वडिलांची देणगी मुलाच्या यूपीआयवरून गेली, की पुढे प्रमाणपत्र भलत्याच नावाने येतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या मुलालाही हातभार लावायचा आहे. त्याने थेट पैसे पाठवले तर चालतील? (एक वाचक, पुणे)

उत्तर : त्याचा पासपोर्ट कोणता, यावर ते ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी मानली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असूनही ती परदेशीच. मग संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या तिच्या एफसीआरए खात्यातच यायला हवेत. नोंदणी नसलेल्या संस्थेच्या साध्या खात्यात रक्कम आली, तर अडचणीत संस्था येते, मुलगा नव्हे. ‘आधी वडिलांच्या खात्यात, मग तिथून संस्थेला’ ही पळवाट सुचवणारे बरेच भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. संस्थेच्या लेखापालाशी आधी बोला.