थंडीत बाळ कुडकुडत नाही, मग त्याचं अंग गरम कसं राहतं?

तपकिरी चरबीमुळे. परभणीच्या डिसेंबरात आपण कुडकुडतो, पण दुपट्यातल्या तान्ह्या बाळाला तसं कुडकुडता येत नाही. त्याच्या खांद्याच्या फऱ्यांमध्ये, मानेशी आणि मूत्रपिंडांभोवती ही चरबी असते. तिच्या पेशी मायटोकॉन्ड्रियांनी, म्हणजे पेशीतल्या इवल्या ऊर्जाघरांनी, गच्च भरलेल्या असतात आणि त्यांतल्या लोहामुळेच तिला तपकिरी रंग येतो.

जायकवाडीचं धरण डोळ्यापुढे आणा. अडवलेलं पाणी टर्बाइनमधून सोडलं की वीज होते. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्याआड असेच प्रोटॉन, म्हणजे धनभारित कण, साठतात आणि एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, बनवणाऱ्या विकरातून परततात. तपकिरी चरबीत मात्र यूसीपी१ नावाचं प्रथिन वेगळा दरवाजा उघडतं. प्रोटॉन टर्बाइन टाळून तिथून आत येतात, एटीपी बनत नाही आणि सगळी ऊर्जा उष्णता होऊन रक्तातून अंगभर पसरते. मला तर हे फार विलक्षण वाटतं!

दरवाजा उघडतो तो असा: गारवा जाणवताच मज्जातंतू नॉरअॅड्रेनालिन नावाचं निरोप पोचवणारं रसायन सोडतात, पेशीतली चरबी फुटते, आणि सुटलेली मेदाम्लं यूसीपी१ला चालू करतात. जळणही तीच.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाकडे ही चरबी कमी असते. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, डोक्याला टोपडं घाला.