वाचकांचे प्रश्न : नसलेलं दिसतं तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार पत्रं मला एकमेकांच्या जवळची वाटली म्हणून एकत्रच घेतलीत. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न (कराडहून एक सूनबाई) : ताई नमस्कार. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याला त्रास झाला आणि गेल्या वर्षभरात नजर खूपच गेली. दोन महिन्यांपासून त्यांना अंगणात टोप्या घातलेली छोटी छोटी मुलं दिसतात, कधी भिंतीवर जाळीची नक्षी दिसते. आवाज काही येत नाही. त्या घाबरत नाहीत, उलट स्वतःच म्हणतात की तिथं कुणी नाही हे मला कळतंय गं. पण शेजारच्या काकू म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, देवऋषीकडे न्या, आणि आमचे हे म्हणतात आईचं डोकं फिरायला लागलं. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : सासूबाईंचं ऐका. त्यांनीच तुम्हाला सगळ्यात महत्त्वाची माहिती दिलीय, म्हणजे दिसतंय पण तिथं कोणी नाही हे कळतंय, आणि आवाज नाही. याला चार्ल्स बोने सिंड्रोम म्हणतात. बोने हे स्वित्झर्लंडमधले निसर्गशास्त्रज्ञ, त्यांच्या आजोबांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नव्हतं आणि नव्वदीला टेकलेल्या त्या माणसाला माणसं, पक्षी, घोडागाड्या, इमारती असं सगळं दिसायला लागलं, बाकी बुद्धी एकदम शाबूत. बोनेंनी हे १७६० मध्ये लिहून ठेवलं. म्हणजे अडीचशे वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे आणि तरी आजही घरोघरी लोक हे लपवून ठेवतात, कारण सांगितलं तर वेडी म्हणतील ही भीती. याचं मला फार वाईट वाटतं.

होतं असं की डोळ्याकडून मेंदूला माहिती कमी यायला लागते आणि मेंदूचा बघण्याचा भाग रिकामा बसत नाही, तो स्वतःच चित्रं तयार करतो. १९९८ मध्ये लंडनच्या संशोधकांनी अशा लोकांच्या मेंदूचे स्कॅन काढले, तर ज्यांना रंग दिसत होते त्यांच्या मेंदूतला रंग ओळखणारा भाग आणि ज्यांना चेहरे दिसत होते त्यांचा चेहरे ओळखणारा भाग खरोखरच काम करत होता. म्हणून त्यांना "तुम्हाला भास होतोय, काही दिसत नाहीये" असं कृपया म्हणू नका, त्यांना दिसतंय. नसतात ती फक्त मुलं.

आता करायचं काय. आधी डोळ्याच्या डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा, नजर थोडीशी जरी सुधारली तरी हे कमी होऊ शकतं. संध्याकाळी खोलीत उजेड वाढवा, कारण मंद उजेडात आणि शांत बसल्यावर हे जास्त होतं. चित्र दिसायला लागलं की डोकं न हलवता नजर पटापट डावी-उजवीकडे न्यायची किंवा हात पुढे करून तिथं चाचपायचं, बऱ्याच जणांचं चित्र त्याने जातं. पुष्कळांना वर्ष-दीड वर्षात त्रास कमी होतो, काहींना जास्त दिवस राहतो. पण त्या त्या मुलांशी बोलायला लागल्या, आवाज यायला लागले, विसरभोळेपणा वाढला किंवा हात थरथरायला लागले, तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांकडे नेणं गरजेचं आहे. आणि एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागल्या तर थांबूच नका, या वयात साध्या लघवीच्या इन्फेक्शननेही तसं होतं. देवऋषीकडे नेऊ नका, अंगारे-धुपारे करून डोळ्याचा पडदा बरा होत नाही आणि न घाबरलेली बाई तिथं जाऊन नक्की घाबरेल.

तुमच्या मिस्टरांना एवढंच सांगा की आईचं डोकं जागेवर आहे, म्हणूनच तर तिला कळतंय की ती मुलं खरी नाहीत.

प्रश्न (वाईचा नववीतला मुलगा) : कोजागिरीला चंद्र उगवताना एवढा मोठा दिसला आणि मोबाईलमध्ये फोटो काढला तर टिंबाएवढा आला. कॅमेरा चुकतो का आपण?

उत्तर : आपण. उगवताना चंद्र मोठा नसतोच, उलट डोक्यावर असताना तो आपल्याला किंचित जवळ असतो. हात लांब करून करंगळीच्या टोकाने उगवता चंद्र झाक, मग मध्यरात्री दूध पिताना परत तसंच कर, दोन्ही वेळा तेवढ्याच बोटाने तो झाकला जाईल. झाडं-घरं शेजारी असली की मेंदू त्याला वेगळ्या मापाने मोजतो, नेमकं का यावर शास्त्रज्ञांचं अजूनही एकमत नाही. आणि गंमत म्हणजे हे सगळं कळल्यावरही चंद्र मोठाच दिसत राहतो.

प्रश्न (ठाण्याहून एक निवृत्त गृहस्थ) : २१ सप्टेंबर १९९५ ला मी स्वतः रांगेत उभं राहून गणपतीला चमच्याने दूध पाजलं होतं. चमचा माझ्या डोळ्यांदेखत रिकामा झाला. आता माझा इंजिनीअर मुलगा म्हणतो बाबा हे थोतांड होतं, तुम्ही उगाच सांगत बसता. मी खोटं बोलतोय का?

उत्तर : नाही काका, तुम्ही खोटं बोलत नाही. चमचा रिकामा झाला हे तुम्ही पाहिलं आणि ते तसंच घडलं होतं. फक्त पाहणं आणि त्याचं कारण सांगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एका दमात करून टाकतो. काठोकाठ भरलेला चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे, म्हणजे द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ओढीमुळे, दूध दगडावर ओढलं जातं आणि अगदी पातळ थर होऊन खाली ओघळतं, पांढऱ्या संगमरवरावर तर तो दिसतच नाही. त्याच वेळी दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी देवळात जाऊन दुधात रंग मिसळून चमचा लावला तेव्हा तो ओघळ मूर्तीवर स्पष्ट दिसला. तुमच्याकडे रंग नव्हता, मागे रांग होती आणि सगळीकडून एकच बातमी येत होती, अशा वेळी कोणालाही तेच कारण पटलं असतं.

आणि कारण पटकन जोडून टाकणं ही फक्त भाविकांची सवय नाही हो, सगळ्यांच्याच मेंदूची आहे. अमेरिकेत फिटच्या गंभीर आजारासाठी काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा पट्टा कापत असत, त्या लोकांवर रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी खूप काम केलं, स्पेरींना १९८१ मध्ये नोबेल मिळालं. अशा एका रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि उजव्याला बर्फ साचलेलं घर, मग समोरच्या चित्रांतून याच्याशी जुळणारं निवडा म्हटलं. उजवा हात डावा मेंदू चालवतो आणि डावा हात उजवा मेंदू, त्यामुळे उजव्या हाताने त्याने कोंबडी निवडली, डाव्या हाताने बर्फ काढायचं फावडं. दोन्ही बरोबरच. पण बोलणारा मेंदू डावा, आणि त्याने बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं का निवडलंस म्हटल्यावर त्याने क्षणभरही न अडखळता सांगितलं की कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडंच लागतं. खोटं बोलायचा हेतू अजिबात नव्हता, त्याला ते खरंच वाटत होतं.

तुम्ही म्हणाल तो आजारी माणूस. मग २००५ चा स्वीडनचा प्रयोग बघा. धडधाकट लोकांना दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवून जास्त आवडलेला निवडायला सांगितला आणि हातचलाखीने न निवडलेलाच फोटो हातात देऊन विचारलं, हा का आवडला? बहुतेकांच्या अदलाबदल लक्षातच आली नाही आणि ते त्या नाकारलेल्या चेहऱ्याचं कौतुक सांगत बसले. मला हा प्रयोग कळल्यापासून कोणी, आणि मी स्वतः सुद्धा, एखाद्या गोष्टीचं कारण फार ठासून सांगायला लागलं की मी जरा थांबते.

तुमच्या मुलाला माझा निरोप द्या की पृष्ठताण समजावून सांगायला "थोतांड" म्हणावं लागत नाही. दोघांनी मिळून घरी दगडाच्या मूर्तीला हळद घातलेलं दूध चमच्याने लावून बघा. त्या दिवशी रांगेत उभं राहताना तुम्हाला जे वाटलं ते तुमचंच आहे, त्याला हळदीने काही होत नाही.

प्रश्न (पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, वय २३) : ताई, मी रूमवर कानात इअरफोन घालून फेऱ्या मारते आणि मनात एक वेगळंच आयुष्य चालू असतं. त्यात माझी पोस्ट निघालेली असते, वेगळं घर, वेगळी माणसं, त्यांची नावं सुद्धा ठरलेली. पाच-पाच तास जातात. हे खरं नाही हे मला माहितीये. पण पुस्तक उघडलं की परत तिकडेच. मी वेडी होतेय का?

उत्तर : नाही गं. मन भटकणं सगळ्यांचंच असतं, २०१० मध्ये हार्वर्डच्या दोन संशोधकांनी फोनवर अचानक विचारून पाहिलं तर लोक जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ, ४६.९ टक्के, हातातल्या कामाऐवजी दुसराच विचार करत होते. पण तुझं त्याच्या पुढचं आहे, तासन्‌तास, पात्रांसकट, गाणी लावून फेऱ्या मारत. इस्रायलचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये असंच वर्णन लिहिलं आणि जगभरातून लोकांनी त्यांना कळवलं की हे आमचंच आहे. आजारांच्या अधिकृत यादीत ते अजून नाही, पण म्हणून तुझा त्रास खोटा ठरत नाही. आणि तू लिहिलंयस की हे खरं नाही हे मला माहितीये, ते जोवर पक्कं आहे तोवर वेडाची भीती काढून टाक.

पळून जाणं वाईट असं मी म्हणणार नाही. कीर्तनात रमणं, कादंबरीत बुडणं, रात्रभर तमाशा बघून सकाळी शेतावर जाणं हे आपल्या लोकांनी कायम केलंय आणि जगायला ते लागतंच. तुझ्या बाबतीत मला खटकतं ते हे की परत आल्यावर तुला बरं वाटत नाही, उलट वेळ गेल्याची बोचणी लागते आणि ती घालवायला तू परत आत जातेस.

जबरदस्तीने बंद करू नकोस, ते दुप्पट होऊन येतं. आठवडाभर फक्त लिहून ठेव की कधी सुरू झालं आणि त्याच्या आधी काय घडलं होतं. मला वाटतं त्या वहीत घरचा फोन, लांबलेला निकाल, मैत्रिणीचं लग्न असं काहीतरी वारंवार येईल, आणि खरा विषय तो आहे. बहुतेकांना गाण्यांनीच सुरुवात होते म्हणून अभ्यासाच्या वेळी इअरफोन दुसऱ्या खोलीत ठेव, चालायला जा पण गाण्याशिवाय आणि कोणाला तरी सोबत घेऊन. त्या गोष्टीतली माणसं कशी आहेत तेही बघ, ती तुझ्याशी जसं बोलतात तसं सध्या प्रत्यक्षात कोणी बोलतंय का?

झोप उडाली, जेवण सुटलं किंवा जगावंसंच वाटेनासं झालं तर एकटी राहू नकोस. तसं नसेल तरीही एकदा समुपदेशकाशी बोलच. केंद्र सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं, सल्ल्याचे पैसे लागत नाहीत, आणि फोन करायच्या आधी घरी कोणाला सांगावंही लागत नाही.