फायब्रोमायल्जिया आणि लाल प्रकाश: पॅनेल विकत घेण्यापूर्वी

आपण पुण्यातील धायरीहून लिहिले आहे की वय ४१, माध्यमिक शाळेत शिक्षिका, सहा महिन्यांपूर्वी फायब्रोमायल्जियाचे, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखण्याच्या आजाराचे निदान झाले, त्यावरच्या प्रीगॅबलिन या गोळीने दिवसा गुंगी येते, आणि आता ३५ हजार रुपयांचे रेड लाइटचे, म्हणजे लाल प्रकाशाच्या दिव्यांचे पॅनेल घ्यावे की नाही असा प्रश्न पडला आहे. ते घेतल्यास गोळ्या बंद करता येतील का, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर फळ्यावर लिहिता येईल का, हेही आपण विचारले आहे. मला हा आजार २०१३ पासून आहे आणि लाल प्रकाशाचा उपचार मी २०१९ पासून घेत आले आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

गोळ्यांचे आधी सांगते, कारण त्यात उशीर चालणार नाही. प्रीगॅबलिन एकाएकी बंद करू नये. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, मात्रा हळूहळू उतरवत थांबवावी लागते. एका दिवसात सोडल्यास झोप उडणे, मळमळ, घाम आणि अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. गुंगीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. मात्रा कमी करणे, वेळ बदलणे किंवा दुसरे औषध देणे हे मार्ग त्यांच्याकडे असतात. प्रकाशाचा उपचार औषधाच्या जागी नव्हे, औषधाच्या जोडीला घ्यायचा असतो.

आता मूळ विषयाकडे येते. रेड लाइट थेरपी या नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांच्यातील फरक न कळल्यामुळे पुष्कळांचे पैसे वाया जातात. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळणारा लाल काचेचा मोठा बल्ब हा प्रामुख्याने उष्णता देतो. फिजिओथेरपिस्टकडे जो आयआर लॅम्प, म्हणजे इन्फ्रारेड दिवा असतो, त्याचेही काम शेकण्याचेच आहे. शेकण्याने स्नायू सैल पडतात, बरे वाटते, आणि मी त्याला कमी लेखत नाही. पण आपण ज्याविषयी वाचले आहे तो उपचार हा नव्हे. त्याचे शास्त्रीय नाव फोटोबायोमॉड्युलेशन. त्यात साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश आणि ८१० ते ८५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा निअर इन्फ्रारेड प्रकाश एलईडी किंवा कमी शक्तीच्या लेसरमधून त्वचेवर सोडतात. परिणाम उष्णतेतून नव्हे, प्रकाशातून व्हावा अशी त्यामागची कल्पना आहे.

या कल्पनेचा उगम १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये झाला. एंड्रे मेस्टर या डॉक्टरांनी उंदरांच्या पाठीवरचे केस काढून तेथे रुबी लेसरचा क्षीण झोत सोडला, तेव्हा प्रकाश मिळालेल्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पुढील संशोधनातून जे स्पष्टीकरण सर्वाधिक मान्य झाले ते असे: पेशीतील तंतुकणिकांमध्ये, म्हणजे शाळेत आपण ज्यांना पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून शिकवता त्यांच्यात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर असते, ते हा प्रकाश शोषून घेते, त्याला चिकटून बसलेला नायट्रिक ऑक्साइड सुटा होतो आणि पेशीची ऊर्जानिर्मिती सुधारते. कर्करोगाच्या उपचारांमुळे तोंडात होणाऱ्या जखमांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी हा उपचार शिफारशींमध्ये घेतला आहे, त्यामुळे ही सर्व केवळ जाहिरातबाजी आहे असे म्हणता येत नाही.

मात्र फायब्रोमायल्जियात एक अडचण आहे आणि विक्रेते ती सांगत नाहीत. आपल्या आजारात स्नायूला जखम नसते. बिघाड वेदनेची नोंद घेणाऱ्या यंत्रणेत, मेंदू आणि मज्जारज्जूत असतो; हलका दाबही तेथे कळ म्हणून नोंदला जातो. त्वचेवर पडलेला लाल प्रकाश काही मिलिमीटर आत जातो, निअर इन्फ्रारेड त्याहून खोल, पण त्याचाही बहुतेक भाग वरच्या थरांतच शोषला जातो. मग मान-खांद्यावर टाकलेला प्रकाश मज्जारज्जूतील गोंधळ कसा शमवणार? माझ्या समजुतीप्रमाणे तो गोंधळ शमवत नाही. आखडलेल्या स्नायूंकडून वर जाणाऱ्या तक्रारी तेवढ्या कमी करतो, आणि आधीच भडकलेल्या यंत्रणेला तेवढाच विसावा मिळतो. हे गृहीत धरले की अपेक्षा आपोआप माफक राहतात.

अभ्यासही याला धरूनच आहेत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात कमी शक्तीच्या लेसरच्या ९ चाचण्या आणि ३२५ रुग्ण एकत्र पाहिले गेले आणि खोट्या, म्हणजे प्रत्यक्ष उपचार न देणाऱ्या लेसरच्या तुलनेत वेदना व दैनंदिन कामकाजाच्या गुणांकात सुधारणा आढळली. स्पेनमध्ये ४२ रुग्णांवर संपूर्ण शरीराला प्रकाश देऊन चार आठवड्यांत १२ सत्रांची चाचणी झाली; तिचेही निष्कर्ष अनुकूल होते. या संख्या लहान आहेत हे लक्षात घ्या. शिवाय आपल्या आजारात खोट्या उपचारानेही पुष्कळांना काही काळ बरे वाटते. तो मनाचा खेळ म्हणून झटकून टाकण्याची गोष्ट नव्हे, कारण वेदना खरोखरच कमी झालेली असते. पण ३५ हजार रुपये खर्च करताना कशामुळे बरे वाटले हे कळायला हवे.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. निदान होण्यापूर्वी तीन वर्षे मी एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जात होते, आणि प्रत्येक ठिकाणी ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ हे वाक्य ऐकत होते. २०१९ मध्ये एका फिजिओथेरपिस्टने मानेच्या दोन्ही बाजूंना आणि खांद्याच्या पाळीवर लेसरचा प्रोब, म्हणजे प्रकाश सोडणारे टोक ठेवून आठ सत्रे दिली. पाचव्या सत्रानंतर सकाळी वेणी घालताना हात मध्येच खाली घ्यावा लागला नाही, हे मला घरी आल्यावर जाणवले. त्या आधारावर २०२१ मध्ये मी घरी पॅनेल आणले, आणि येथे माझी मोठी चूक झाली. जितका जास्त प्रकाश तितका जास्त गुण असे समजून मी रोज पुढून वीस मिनिटे आणि मागून वीस मिनिटे, तेही अगदी जवळ बसून, प्रकाश घेतला. चौथ्या दिवशी सर्वांग असे ठणकू लागले की दोन दिवस अंथरुणातून उठता आले नाही. नंतर वाचनात आले की या उपचारात अल्प मात्रा चालना देते आणि अधिक मात्रा परिणाम पुसून टाकते, कधी उलटाही करते. आपल्यासारख्या अतिसंवेदनशील शरीरांत तर हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

मात्रेचे गणित अवघड नाही. पॅनेलची शक्ती दर चौरस सेंटिमीटरला मिलिवॅटमध्ये दिलेली असते. तिला सेकंदांनी गुणून हजाराने भागले की ज्यूल मिळतात. समजा त्वचेवर ४० मिलिवॅट पडतात आणि आपण ३०० सेकंद, म्हणजे पाच मिनिटे बसलात, तर मात्रा १२ ज्यूल झाली. जाहिरातीतला आकडा बहुधा अगदी जवळून मोजलेला असतो, आणि सूर्यप्रकाश मोजण्याच्या साध्या मीटरने मोजला असेल तर तो वाढीवही येतो. अंतर वाढले की मात्रा घटते. म्हणून मी आकड्याच्या मागे न लागता दीड फुटांवरून चार मिनिटे, एक दिवसाआड, फक्त मान आणि खांदे, अशी पुन्हा सुरुवात केली. दोन आठवडे अंग भडकले नाही तेव्हाच दोन मिनिटे वाढवली. गेली तीन वर्षे मी आठ मिनिटांच्या पुढे गेलेले नाही. कपड्यांतून प्रकाश पुरेसा पोहोचत नाही, त्यामुळे तेवढा भाग उघडा हवा. त्यावर बाम किंवा तेल चोळलेले नसावे. डोळ्यांना प्रकाश अडवणारा संरक्षक चष्मा लावा, आणि अर्धशिशी असेल तर पॅनेलचा प्रकाश लुकलुकत नाही ना हे विकत घेण्यापूर्वीच पाहा. एप्रिल-मेच्या पुण्यातल्या उन्हाळ्यात पॅनेलने खोली तापते आणि उष्णता सोसत नसेल तर शिणवटा वाढतो; त्या दिवसांत पहाटेची वेळ बरी.

ज्यांना अपस्माराचा त्रास आहे, त्वचेचा कर्करोग झालेला आहे, ल्यूपस हा प्रतिकारशक्तीचा आजार आहे, दिवस गेलेले आहेत किंवा प्रकाशाची प्रतिक्रिया वाढवणारे औषध, उदाहरणार्थ डॉक्सीसायक्लिन किंवा अमिओडॅरोन, चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार घेऊ नये. सांध्यावर सूज, ताप, वजन घटणे, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काही असेल तर ते फायब्रोमायल्जियाच्या खाती टाकू नये. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व आणि बी-१२ यांच्या तपासण्या आपण करून घेतल्याचे लिहिलेले नाही. झाल्या नसतील तर पॅनेलच्या आधी त्या करा. चिकुनगुनिया होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते आणि तिची गल्लत या आजाराशी होते.

उपयोग होतो आहे की नाही हे मी कसे ठरवले, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शून्य ते दहा असा वेदनेचा आकडा मी रोज लिहीत होते, पण तो मनःस्थितीप्रमाणे हलतो. म्हणून मी जोडीला कामे लिहू लागले: कणीक एका दमात मळता आली का, ओले कपडे दोरीवर टाकता आले का, रात्री कितीदा जाग आली. तीन महिन्यांनी, २०२२ च्या फेब्रुवारीत, मी प्रकाश तीन आठवडे मुद्दाम बंद ठेवला. दुसऱ्या आठवड्यात मान आणि खांद्यांची सकाळची ताठरता परत आली. थकवा मात्र होता तसाच होता, प्रकाश चालू असतानाही आणि बंद असतानाही. ऐनवेळी शब्द न आठवणे, दूध गॅसवर ठेवून विसरणे यांतही काही फरक पडला नव्हता. एवढ्यावरून मला समजले की हा उपचार माझ्या मानेसाठी आहे, माझ्या आजारासाठी नाही, आणि तेव्हापासून मी त्याच्याकडून दुसरे काही मागितलेले नाही.

आणि तेवढेही पुरेसे ठरले, कारण प्रकाश घेतल्यावर अंग सैल असते त्या तासाचा मी उपयोग केला. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सुधारलेल्या शिफारशींत या आजारासाठी जोरकस शिफारस एकाच उपायाची आहे, ती व्यायामाची. परंतु अंग आखडलेले असताना व्यायाम करा म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे, हे आपण जाणताच. मी प्रकाश घेऊन अर्ध्या तासाच्या आत तळजाई टेकडीच्या रस्त्याला लागत असे. पहिल्या महिन्यात फक्त दहा मिनिटे, चढ न चढता. वाढ आठवड्याला एक-दोन मिनिटांची, आणि बरे वाटलेल्या दिवशीसुद्धा ठरल्यापेक्षा जास्त नाही, कारण बऱ्या दिवशी केलेला अतिरेक पुढचे तीन दिवस खातो. आज मी चाळीस मिनिटे चालते. त्यातले श्रेय मी पॅनेलला थोडे आणि चालण्याला बरेच देते. जे पॅनेल घेऊन त्यासमोर बसतात आणि उठून पुन्हा आडवे होतात, त्यांना सहा महिन्यांनी ते कपाटावर ठेवलेले दिसते.

तेव्हा ताई, ३५ हजार रुपये आत्ता खर्च करू नका. आधी आपल्या संधिवाततज्ज्ञांना विचारून, ज्यांच्याकडे लेसर किंवा एलईडीचे यंत्र आहे अशा फिजिओथेरपिस्टकडे आठ ते दहा सत्रे घ्या. तेथे तरंगलांबी किती नॅनोमीटर आणि एका जागी किती ज्यूल, हे विचारा. उत्तर न देता ‘शेक छान बसेल’ असे सांगितले तर तो आयआर लॅम्प आहे असे समजा. फरक पडला तरच पॅनेलचा विचार करा, आणि तेव्हाही संपूर्ण शरीराचे मोठे न घेता मान-खांद्यापुरते लहान घ्या. परत घेण्याची मुदत किती आहे हे पावतीवर लिहून घ्या.

फळ्याचे आश्वासन मला देता येणार नाही. पण आपल्याकडे मोजमाप मात्र माझ्या वेणीपेक्षा चांगले आहे. उपचार सुरू करण्यापूर्वी एक दिवस, सुट्टीतच, घरातल्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला कागद लावून खडूने लिहितो तशा ओळी लिहा आणि हात खाली घ्यावा लागेपर्यंत किती ओळी झाल्या ते तारखेसह वहीत नोंदवा. दर शनिवारी त्याच वेळी तेच करा. जूनपर्यंत चार ओळींच्या सहा झाल्या तर मुख्याध्यापकांशी बोलताना तो आकडा हाताशी असेल. चाराच्या चारच राहिल्या तर फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागावर लिहिण्याची, उरलेले मुलांकडून लिहून घेण्याची व्यवस्था पहिल्या दिवसापासूनच करून ठेवा.