पायथनमध्ये एकापेक्षा जास्त लिंटर सोबत चालवल्यानं कोड खरंच सुधारतो का? कोणते घ्यावेत?

सुधारतो. लिंटर म्हणजे कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं टूल, फ्लेक८ आणि पायलिंट ही त्यातलीच दोन. "फ्लेक८ आहे ना, बस झालं" हे वाक्य मी दोन वर्षं ऐकलंय म्हणून जरा सविस्तर लिहायलोय.

संभाजीनगरला एका छोट्या कंपनीत होतो. जालन्याच्या मोंढ्यातल्या एका आडत्यासाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर केलं, म्हणजे शेतकऱ्यानं सोयाबीन आणलं की वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि हातात पट्टी. पट्टी काढणाऱ्या फंक्शनला कपातीची लिस्ट नाही दिली तर डिफॉल्ट म्हणून रिकामी लिस्ट ठेवली होती. आता पायथनमध्ये ती लिस्ट फंक्शन डिफाइन होताना एकदाच बनते, दर कॉलला नवी नाही बनत, त्यामुळं पहिल्या शेतकऱ्याची हमाली तिच्यात पडली ती तिथंच राहिली, दुसऱ्याच्या पट्टीत दोन, तिसऱ्याच्या तीन. आम्ही टेस्ट करताना सर्व्हर चालू करायचो, एकच पट्टी काढायचो, ती कायम बरोबर यायची.

पहिल्याच दिवशी एक म्हातारे बाबा पट्टी घेऊन काउंटरला परत आले, ओळीवर बोट ठेवून म्हणले, "एकाच मालाची हमाली तीनदा का कापली रे लेकरा?" मी तिथंच उभा होतो. भाव आधीच पडलेला, त्यात आमच्या कोडनं त्यांचे पैसे खाल्ले. संध्याकाळपर्यंत फोन करकरून सगळ्यांचे पैसे परत केले, तरी ते बोट अजून डोळ्यासमोरून जात नाही.

फ्लेक८ त्या ओळीवर गप्प होतं. पायलिंट तीच ओळ डब्ल्यू०१०२, डेंजरस डिफॉल्ट व्हॅल्यू म्हणून दाखवतं. आणि पायलिंट लावू असं मी दोन महिने आधीच म्हणलो होतो! सिनियर सरांनी एकदा चालवलं, वॉर्निंगचा ढीग पडला, म्हणले "बळंच कटकट, आजकालचं खूळ." खूळ कसलं, सी भाषेसाठीचं लिंट १९७८ सालचं आहे. तो ढीग मी नंतर बसून पाहिला, बहुतेक डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं ते सांगणारा मजकूर) नाही आणि ओळ लांब एवढंच. एका ओळीला फ्लेक८ ७९ अक्षरं धरतं, ब्लॅक (कोडची मांडणी एकसारखी करणारं टूल) ८८, पायलिंट १००, तिघांना एकच आकडा ठरवून दिला नाही तर ते भांडणारच, त्यात टूलची काय चूक?

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल तर एकच काम करणारे दोन घेऊ नका. फ्लेक८च्या पोटात पायफ्लेक्स हे लिंटर आहेच, ते वेगळं लावून काही मिळत नाही. फॉरमॅटला ब्लॅक, टाइप तपासायला मायपाय, चुकांना पायलिंट, नाहीतर रफ हे लिंटर घ्या, ते लई फास्ट आहे, पण त्याच्या सेटिंगमधल्या सिलेक्टमध्ये बगबेअरचे (हे फ्लेक८चं प्लगइन) "B" अक्षराचे नियम आठवणीनं लिहा, माझी चूक बी००६ मध्ये पकडली जाते. सगळं प्री-कमिटला (कोड कमिट होण्याआधी आपोआप तपासण्या चालवणारं टूल) लावा म्हणजे बदललेल्या फायलीच तपासल्या जातात.

हां, भावच चुकीचा लावला तर कुठलाच लिंटर सांगणार नाही, त्याला टेस्टच लागतात, आणि त्या पण एकामागून एक तीन पट्ट्या काढणाऱ्या.

आणि तुमचेही सर नाही म्हणत असतील तर ढीग दाखवूच नका. पायलिंटला सगळं डिसेबल करून फक्त ई (एरर) आणि डब्ल्यू (वॉर्निंग) हे गट चालू करा, लांब ओळीची तक्रार ई-डब्ल्यूत येतच नाही, आणि जे उरेल ते त्यांच्यासमोर एकेक ओळ वाचा. मी त्या दिवशी सरांकडं तेवढाच वेळ मागितला होता.