नोकरी बदलायची, पण व्हिसा कुणाच्या नावावर?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच परदेशात शिकवणाऱ्या वाचकांची आहेत. प्रश्न एकच: दुसऱ्या शाळेने बोलावलं आहे, पण व्हिसा पहिल्या शाळेमुळे मिळालेला, मग जाता येईल का? बहुतेक ठिकाणी येतं. फक्त राजीनामा, नवा करार आणि परवानगी यांचा क्रम देशागणिक बदलतो. एका देशातला क्रम दुसऱ्या देशात वापरला की घोटाळा होतो, म्हणून उत्तरं देशवार दिली आहेत.

प्रश्न : इंग्लंडमध्ये एका सरकारी माध्यमिक शाळेत स्किल्ड वर्कर व्हिसावर मी विज्ञान शिकवते. शेजारच्या गावातली शाळा सप्टेंबरपासून घ्यायला तयार आहे. आधी राजीनामा द्यायचा की आधी व्हिसा बदलायचा?

ही कोंडी कॅलेंडरनेच घातलेली आहे. स्थानिक प्रशासनाच्या शाळांत (आणि बऱ्याच अकॅडमींतही, म्हणजे सरकारी पैशावर पण ट्रस्टने चालवलेल्या शाळांत) शिक्षकाला वर्षातून तीनदाच बाहेर पडता येतं. ३१ डिसेंबरला सोडायचं तर राजीनामा ३१ ऑक्टोबरपर्यंत, ३० एप्रिलला सोडायचं तर फेब्रुवारीअखेर आणि ३१ ऑगस्टला सोडायचं तर ३१ मेपर्यंत शाळेकडे पोचावा लागतो. आता व्हिसाची बाजू पाहा. नव्या नोकरीसाठीचा अर्ज रुजू होण्याच्या तारखेआधी जास्तीत जास्त तीन महिने करता येतो. म्हणजे १ सप्टेंबरच्या नोकरीसाठी अर्ज जूनमध्ये, आणि राजीनामा मात्र मे महिन्यात! थोडक्यात, राजीनामा आधीच द्यावा लागतो, निदान उन्हाळ्यात तरी. म्हणून तो देण्यापूर्वी पुढच्या गोष्टी पक्क्या करून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे नवी शाळा सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरांच्या, म्हणजे परदेशी कर्मचारी नेमायची परवानगी असलेल्या मालकांच्या, यादीत आहे का. यादी खुली आहे, स्वतः बघा. तिथे शाळेचं नाव सापडलं नाही म्हणून लगेच निराश होऊ नका, कारण परवाना अनेकदा शाळेच्या नावावर नसून तिच्या अकॅडमी ट्रस्टच्या किंवा स्थानिक प्रशासनाच्या नावावर असतो. कधी असंही निघतं की जुनी आणि नवी शाळा एकाच ट्रस्टच्या, एकाच परवान्याखाली आहेत. तेव्हा काम तेच राहणार असेल तर नवा अर्ज लागत नाही; कामाची जागा बदलल्याचं ट्रस्टने कळवलं की झालं. हे न तपासता पूर्ण फी भरून बसू नका.

दुसरी गोष्ट, सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप कधी देणार ते लेखी घ्या. हे हातात धरायचं प्रमाणपत्र नव्हे, एक संदर्भ क्रमांक असतो, आणि मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो वापरावा लागतो. शाळांची कार्यालयं इथेच रेंगाळतात. जुलै उजाडला तरी क्रमांक आलेला नसतो. देशातून केलेल्या अर्जाचा निकाल साधारण आठ आठवड्यांत लागतो. जुलैअखेर केलेल्या अर्जाचा निकाल १ सप्टेंबरला हाती असेलच असं नाही. जादा पैसे भरून पाच कामाच्या दिवसांत निकाल मिळवण्याची सोय आहे, पण तिच्या भरवशावर बेत आखू नये.

निकाल येईपर्यंत जुन्या शाळेत काम चालू ठेवता येतं, नव्या शाळेत रुजू होता येत नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला मुलांविना होणारे प्रशिक्षणाचे दिवस हेही कामच आहे, ‘नुसतं येऊन बसा’ असं मुख्याध्यापक कितीही प्रेमाने म्हणोत. आणि अर्ज प्रलंबित असताना सुट्टीला घरी यायचं नाही. ब्रिटन, आयर्लंड आणि त्यांच्याभोवतीची बेटं सोडून बाहेर गेलात की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्वांत जास्त नुकसान याच चुकीने होतं. यायचंच असेल तर निकालानंतरचं तिकीट काढा.

मध्ये खंड पडला तर? नोकरी संपल्यावर जुनी शाळा १० कामाच्या दिवसांत गृह खात्याला कळवते. त्यानंतर व्हिसाची मुदत छाटणारं पत्र येतं आणि सहसा ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा अर्ज गेला पाहिजे. हेल्थ सरचार्जही, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायची रक्कमही, विसरू नका. प्रौढ माणसाला वर्षामागे १,०३५ पौंड, आणि नव्या अर्जाबरोबर पूर्ण मुदतीचा एकदम. नवी शाळा तो भरणार का, हे मुलाखतीनंतर लगेच विचारा.

एक बारीक बाब: ३१ मे बहुतेक वेळा सत्रामधल्या आठवडाभराच्या सुट्टीत येतो. राजीनामा सुट्टी लागण्यापूर्वी द्या आणि पोच घ्या.

प्रश्न : दुबईतल्या खासगी शाळेत ऑगस्टमध्ये रुजू झाले, प्रोबेशन सहा महिन्यांचं. दुसऱ्या शाळेची ऑफर आहे. इथले व्यवस्थापक म्हणतात, व्हिसाचा आणि विमानाचा खर्च पगारातून कापू. माझी एक मैत्रीण तीन वर्षांनी सोडते आहे, तिच्या ग्रॅच्युइटीचंही सांगा.

खर्च तुमच्या पगारातून कापता येत नाही. २०२१ चा कामगार कायदा क्रमांक ३३ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, आणि भरतीचा खर्च कर्मचाऱ्याकडून थेट वा आडवाटेने वसूल करायला त्यात मनाई आहे. प्रोबेशनमध्ये असताना देशातल्याच दुसऱ्या मालकाकडे जायचं असेल तर निदान एक महिन्याची लेखी नोटीस द्यायची, आणि भरतीच्या खर्चाची भरपाई नव्या मालकाने जुन्याला द्यायची, दोघांत वेगळं ठरलं नसेल तर. तेव्हा ही तरतूद नव्या शाळेला आधीच सांगा. तिने ‘आम्ही बघतो’ एवढंच म्हटलं तर थांबा. रक्कम कोण देणार याचा ईमेल घ्या. देश सोडून जाणार असाल तर प्रोबेशनमध्ये १४ दिवसांची नोटीस पुरते, पण ‘मायदेशी जाते’ असं सांगून तीन महिन्यांच्या आत दुसऱ्या शाळेसाठी परत आलात तर भरपाईचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

क्रम असा ठेवा: नव्या शाळेचं सही झालेलं ऑफर लेटर, मग राजीनामा, नोटीस पूर्ण, मग जुनं वर्क परमिट आणि रहिवासाचा परवाना रद्द करणं, आणि त्यानंतर नवं परमिट, वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी. दुबईत शिक्षक-नेमणुकीला केएचडीएची (खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची) मंजुरीही लागते, आणि ती नव्या शाळेने नव्याने घ्यायची असते. परवाना रद्द झाल्याच्या कागदावर देशात राहण्याची शेवटची तारीख दिलेली असते. हे दिवस सगळ्यांना सारखे नसतात, म्हणून मैत्रिणीला किती मिळाले यावर जाऊ नका, स्वतःचा कागद वाचा.

नोटीस चालू असताना रागाने शाळेत जाणं बंद करू नका. सबळ कारणाशिवाय सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिलात तर शाळा काम सोडून गेल्याची तक्रार करू शकते, आणि ती निस्तरेपर्यंत नवं परमिट अडकतं. पासपोर्ट शाळेने ठेवून घेणं बेकायदा आहे. अटेस्ट केलेल्या मूळ पदव्या फायलीत असतील तर त्याही आत्ताच मागून घ्या, कारण संबंध बिघडल्यावर त्या सापडत नाहीत.

आता ग्रॅच्युइटी. एक वर्ष पूर्ण झाल्यावर हक्क सुरू होतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार. इथे ‘मूळ’ या शब्दावर बोट ठेवा. मैत्रिणीला महिन्याला ९,००० दिरहम मिळत असतील आणि त्यात घरभाडे भत्ता ३,००० असेल, तर हिशेब ६,००० वर होतो. दिवसाचे २००, २१ दिवसांचे ४,२००, तीन वर्षांचे १२,६०० दिरहम. बिनपगारी रजेचे दिवस सेवेतून वजा होतात. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी चुकती व्हायला हवीत. परवाना रद्द करण्याच्या अर्जावर ‘सर्व देणी मिळाली’ असं वाक्य असतं. पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करू नका. पैसे अडले तर मनुष्यबळ मंत्रालयाकडे तक्रार करता येते, आणि ५०,००० दिरहमपर्यंतच्या दाव्यांवर मंत्रालय स्वतःच निर्णय देतं.

प्रश्न : अमेरिकेतल्या विद्यापीठात एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर व्याख्याता आहे. एका खासगी शाळेची ऑफर आली आहे. ‘ट्रान्सफर’ सोपी असते असं सगळे म्हणतात.

सगळे म्हणतात ते कंपनीतून कंपनीत जाणाऱ्यांचं. तुमचं प्रकरण वेगळं आहे. विद्यापीठं या व्हिसाच्या वार्षिक कोट्यातून वगळलेली आहेत, त्यामुळे तुमचं नाव ६५,००० आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांच्या २०,००० जागांत बहुधा कधी मोजलंच गेलेलं नाही. शाळा कोट्याखाली येत असेल तर तुम्हाला मार्चच्या नोंदणीत उतरावं लागेल आणि निवड झाली तर १ ऑक्टोबरपासून रुजू होता येईल. आधी शाळेला विचारा: तिचं एखाद्या विद्यापीठाशी औपचारिक संलग्नत्व आहे का? असेल तर तीही कोट्याबाहेर असू शकते. नसेल तर एक अर्धी वाट आहे. विद्यापीठाची नोकरी चालू ठेवून शाळेने तुमच्यासाठी समांतर अर्धवेळ अर्ज करायचा. ती वाट विद्यापीठाची नोकरी असेपर्यंतच.

कोट्याची अडचण नसेल तर मात्र नव्या मालकाचा अर्ज दाखल होताच काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. तरी दाखल झाल्याची पावती पाहिल्याशिवाय राजीनामा देऊ नका. आधीच नोकरी गेली असेल तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ ची (देशात राहण्याची मुदत दाखवणाऱ्या नोंदीची) तारीख त्याआधी संपत असेल तर तेवढेच.

प्रश्न : जपानमध्ये सरकारी शाळेत सहाय्यक भाषाशिक्षक आहे. मार्चमध्ये करार संपतो, पुढे खासगी संभाषणवर्गात जायचं आहे. व्हिसाला अजून दोन वर्षं आहेत, मग काही करायला नको ना?

करायला हवं. जपानमध्ये परवानगी मालकाला नव्हे, कामाच्या प्रकाराला बांधलेली असते. तुमच्या व्हिसाचा दर्जा ‘क्योइकु’, म्हणजे शाळेतलं शिक्षण. खासगी वर्गाला वेगळा दर्जा लागतो. दर्जाबदल मंजूर होईपर्यंत तिथे शिकवता येत नाही, म्हणून एप्रिलची नोकरी असेल तर अर्ज हिवाळ्यातच करा. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात असतात तर दर्जा तोच राहिला असता. नोकरी सोडल्याची आणि नवी धरल्याची सूचना प्रत्येकी १४ दिवसांत इमिग्रेशनला द्यावी लागते. दर्जा तोच असला तरी ती चुकत नाही. ही शाळा देत नाही, तुम्हीच द्यायची, ऑनलाइनही होते. आणि त्या दर्जाचं काम सबळ कारणाविना तीन महिने केलं नाही तर उरलेली दोन वर्षं असूनही दर्जा काढून घेतला जाऊ शकतो.

निघताना जुन्या शाळेकडून नोकरी सोडल्याचा दाखला आणि ‘गेन्सेन’ ही करकपातीची चिठ्ठी घ्या. मार्चच्या शेवटच्या पगाराला दचकू नका. रहिवासी कर जून ते मे असा हप्त्याने कापला जातो, आणि जानेवारी ते एप्रिल या काळात नोकरी सोडली की मेपर्यंतचे उरलेले हप्ते एकदम कापतात. मध्ये काही आठवडे मोकळे असतील तर आरोग्यविमा आणि पेन्शनची नोंद १४ दिवसांत नगरपालिकेत बदलून घ्या.

प्रश्न : जुनी शाळा चालू असतानाच नव्या शाळेचे थोडे तास संध्याकाळी घेता येतील का?

ब्रिटनमध्ये स्पॉन्सरचं काम पूर्ण करून, त्या वेळेबाहेर, आठवड्याला २० तासांपर्यंत पात्र व्यवसायातलं काम करता येतं. मूळ नोकरी संपली की ही सवलतही संपते. अमिरातीत मंत्रालयाचं अर्धवेळ परमिट लागतं, जपानमध्ये काम तुमच्या दर्जाबाहेरचं असेल तर त्याची वेगळी परवानगी. अमेरिकेत नव्या मालकाने अर्ज दाखल केल्याशिवाय एक तासही नाही.