छडीला पालकांची संमती

प्रश्न : माझा मुलगा कोथरूडमधील एका शाळेत पाचवीत आहे. गृहपाठ अपुरा राहिला म्हणून वर्गशिक्षिकांनी त्याच्या तळहातावर पट्टीने मारले. दुसऱ्या दिवशीही वळ दिसत होते. सासरे म्हणतात, "आम्हीही मार खाल्ला, काय वाईट झाले?" पालकसभेत काही पालकांनी तर "मारा, पण शिकवा" असे सांगून टाकले. तक्रार केल्यास बाई मुलावर डूख धरतील, अशी धास्ती वाटते. काय करावे?
— एक आई, पुणे

उत्तर : "मारा, पण शिकवा" अशी परवानगी देण्याचा अधिकार कोणत्याही पालकाला नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई आहे, ती मोडणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो आणि पालकांची हरकत नसल्यास चालेल, अशी सवलत त्यात कोठेही नाही.

सासऱ्यांचे म्हणणे अनेक घरांत ऐकू येते. परंतु ही साक्ष मार खाऊनही जे शिकले तेच देतात, आणि धाकापायी ज्यांनी शाळाच सोडली त्यांना विचारायला कोणी जात नाही. शिवाय पट्टी उगारली की गृहपाठ का राहिला, हे विचारायचेच राहून जाते. मुलाला कदाचित भागाकारच कळला नसेल. माराने तो कळत नाही, मूल फक्त शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घ्यायला शिकते.

पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असावा, असे हाच कायदा सांगतो. वर्ग त्याहून मोठा असेल तर शिक्षिकांचा त्रागा मी समजू शकते, आणि त्याबद्दल पालकांनी संस्थेला अवश्य जाब विचारावा. पण तो राग मुलाच्या हातावर निघणे मला मुळीच मान्य नाही.

आधी मुलाशी शांतपणे बोला. मग वळांचे छायाचित्र जोडून मुख्याध्यापकांना तारीखवार लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. दाद न मिळाल्यास कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे पुणे महानगरपालिकेकडे, लेखी तक्रार करता येते. दोन्ही बाजू ऐकून तिने तीन महिन्यांत निर्णय देणे अपेक्षित आहे, आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. डूख धरण्याची भीती खोटी नाही, म्हणूनच तोंडी तक्रारीवर थांबू नका : पोच हाती असेल तर पुढे मुलाला मिळालेल्या वागणुकीबद्दलही शाळेला उत्तर द्यावे लागेल.