शनिवारची खोली

«मावशी, गुहागर तालुक्यात आमचं कौलारू घर आहे. ओटी, माजघर, पडवी, जिथे बघावं तिथे सामान. सात हंडे, तीन घंगाळं, चिनी मातीच्या बरण्या, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, खताच्या गोणी. सासूबाई फुटकी बरणीसुद्धा टाकू देत नाहीत. ह्यांना बागेतून सवड नाही. लेक जूनमध्ये दहावीत जाईल, ती ओटीवर गोणींच्या शेजारी बसून अभ्यास करते. वाटण्या झालेल्या नाहीत, पण उत्तरेकडची खोली धाकट्या भाऊजींची. ते मुंबईला असतात, गणपतीत येतात. ती मी दर शनिवारी उघडून झाडून ठेवते. कोकमाची सोलं विकून ८,००० रुपये साठवलेत. त्यात लोखंडी कपाट घेऊ, की मदतीला बाई लावून घर आवरू? आणि सासूबाईंना कसं समजावू?»

तुझ्या पत्रात हंडे आहेत, घंगाळं आहेत, सासूबाई तर आहेतच. मी अडकले ती शनिवारपाशी. आठवड्यातून एकदा तू कुलूप काढतेस, कुणी न राहणाऱ्या खोलीतला केर काढतेस, पलंगावरची धूळ झटकतेस आणि पुन्हा कुलूप लावतेस. तेवढ्यात बाहेर ओटीवर तुझी मुलगी खताच्या वासात गणितं सोडवत असते. आणि वर मला विचारतेस, कपाट घेऊ का म्हणून!

सासूबाईंच्या बाबतीत मी तुझी बाजू घेणार नाही. सात हंडे म्हणजे काय गं? एकावर एक उतरंड रचली की हातभर जमीन लागते. त्यांतून त्या बाईने विहिरीचं पाणी वाहिलंय. भंगारवाल्याच्या काट्यावर ते चढवायचं म्हटलं तर ती ओरडणारच, मीही ओरडले असते. फुटकी बरणी मागीलदारी ठेव, त्यात ओवा लाव, विषय संपला. खरं सांगू? सासूबाई समोर असतात म्हणून भांडण त्यांच्याशी होतं. मुंबईला फोन लावायला मात्र जीभ रेटत नाही.

ती खोली ‘भाऊजींची’ कोणी ठरवली? वाटण्या झाल्या नाहीत असं तूच लिहितेस. सामाईक घरात अमक्याची खोली, तमक्याची खोली ही तोंडची भाषा. आणि त्यांनीही धास्ती घ्यायचं कारण नाही. एका भावाने खोली वापरली म्हणून ती त्याच्या मालकीची होत नाही, सामाईक मिळकतीत एकाचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरतात. हे त्यांना असंच्या असं सांग. मनातली निम्मी भीती तीच असते, फक्त कुणी बोलत नाही.

माझ्या माहेरी, दापोलीकडे, मधली खोली अशीच काकांसाठी बंद होती. तिथे झाडायलाही कुणी जात नसे. एक कौल सरकलेलं, ते कुणाला दिसलंच नाही. उघडली तेव्हा गाद्यांत वाळवीचं वारूळ निघालं आणि चौकट हाताला पिठासारखी लागली. तुमची खोली धड आहे ती तुझ्या केरसुणीमुळे. ते भाडं समज. इतकी वर्षं भरलंस.

तेव्हा आजच्या आज भाऊजींना फोन लाव. ह्यांच्या मार्फत नको. ‘भावाला कसं सांगायचं’ म्हणत ते दिवाळीपर्यंत टाळतील. तू लाव. आणि विचारू नकोस, कळव. ‘भाऊजी, पोरीची दहावी आहे, तुमची खोली तिला अभ्यासाला उघडतेय. गणपतीला तुम्ही याल तेव्हा ती नेहमीसारखी रिकामी असेल. तुमची बॅग तशीच माळ्यावर ठेवते.’ एवढंच. जाऊबाई काही बोलल्या तर ऐकून घे, पण कुलूप परत लावू नकोस.

कपाट नको. कोकणात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चिऱ्याची भिंत ओल ओढते, आणि तिला चिकटवून ठेवलेलं बंद लोखंडी कपाट म्हणजे आत बुरशी, खाली गंज. तुझ्याकडे आंब्याच्या पेट्या आहेत ना, लाकडी? त्या आडव्या करून एकावर एक लाव, भिंतीपासून वीतभर सोडून, खाली चिरे टाकून. फुकटात मांडणी झाली. कपड्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला नाहीतर वेखंडाचा तुकडा.

आता बाई. हो, लाव. घरातल्या माणसाला प्रत्येक टोपलीमागे एक गोष्ट आठवते, बाहेरच्या बाईला फक्त टोपली दिसते, म्हणून तीच हवी. आंबा जोरात असताना बाया बागेत असतात. तोड संपत आली की, मेच्या शेवटी, मिरगाच्या आत दोन दिवस दोघींना बोलव. गावात चालते ती पूर्ण हजेरी दे, वर चहा-जेवण. जुन्या साड्या देऊन हजेरी फेडायची तुझी कल्पना असेल तर आत्ताच सोडून दे. पहिल्या दिवशी ओटी आणि माजघर खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात काढा, उन्हात. घराची ओटी रिकामी असताना कशी दिसते ते सासूबाईंना एकदा बघू दे, त्यांच्या लग्नानंतर ती तशी कुणी पाहिली नसेल. दुसऱ्या दिवशी जे आत जायचं ते आत. गोणी पडवीत, फळ्यांवर. युरिया ओल धरतो, जमिनीवर टाकलास तर त्याचा दगड होईल. सासूबाईंना खुर्ची टाकून खळ्यात बसव आणि आत काय जाणार ते त्यांनाच ठरवू दे. फक्त उत्तरेच्या खोलीत एक गोणसुद्धा जाणार नाही, हे आधीच सांगून ठेव. नाहीतर मोकळी खोली दिसली की सगळं घर तिच्यात ओतायला निघेल.

पैसे उरतील. त्यातून एक टेबल आणि चांगला दिवा घे. पावसात उत्तरेकडे दुपारपासूनच अंधारून येतं.

येत्या शनिवारी केरसुणी घेऊन आत जाशील तेव्हा लेकीला बरोबर ने. पलंग कुठे सरकवायचा आणि टेबल कुठल्या खिडकीशी लावायचं, ते तिला सांगू दे. आणि ते कुलूप बागेतल्या मांगराला, त्या खोपटाला लाव, तिथे कोयते असतात.